ठेवलेला धावडा

प्रयागबाईनं आयुष्यात पुष्कळांची हाडं मोडली, पण पहिलं हाड मोडलं ते सख्ख्या दिराचं. उजवा हात, मनगटाच्या वर. कुही तालुक्यातल्या टेंभरी गावात तेव्हा दुपारची जेवणं चालली होती, आणि तलावाच्या पाळीवर धुणं धुणाऱ्या बाया सांगत की हाड मोडल्याचा आवाज त्यांना तिथवर ऐकू आला. आला असेल, नसेलही. टेंभरीच्या बाया तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाहीत. हात मात्र मोडला होता, आणि शालिकरामला मरेपर्यंत त्या हातानं भाताचा घास धड तोंडात घालता आला नाही.

का मोडला ते ऐकायचं असेल तर आधी सुपाचं ऐकावं लागेल.

टेंभरीच्या तलावाच्या वरच्या अंगाला गावाचं रान. मोह, टेंभुर्णी, पळस, धावडा. त्यात चितळं, रानडुकरं, मोर, एखादं चुकलंमाकलं अस्वल. गाव म्हणायचं, रान आहे म्हणून तलावात पाणी आहे आणि पाणी आहे म्हणून ताटात भात आहे. हे त्यांना कोणी शिकवायला आलं नव्हतं. शेजारच्या गावानं आपलं रान तोडू दिलं आणि थोड्याच वर्षांत त्यांचा तलाव गाळानं भरून गेला, हे यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून टेंभरीची रीत अशी, की खळ्यावर धानाची रास पडली की घरात दाणा नेण्याआधी एक सूप रानाचं, वाघदेवाच्या नावानं काढायचं. मोठ्या शेतवाल्याचं एक सूप, मजुरी करणाऱ्याचंही एकच. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांनी सांगितलं, वाघदेवाच्या नावानं आता देणार नाही, रानाच्या नावानं घेत असाल तर घ्या. मनोहरराव पाटलांनी यावर नाक मुरडलं. तेव्हा कवडू म्हणाला, "पाटील, वाघोबा काई सुपात वाकून पाहत नाई. देऊ द्या त्याईले." तिथं ते मिटलं.

हा कवडू म्हणजे प्रयागबाईचा नवरा. गावानं दिलेलं ते धान खायचं आणि रान राखायचं, हे त्याचं काम.

राखणदाराजवळ हत्यार म्हणाल तर एक काठी. भरीव बांबूची, तेल पाजून पाजून काळी झालेली. चोराची कुऱ्हाड हिसकायची, देत नसेल तर काठी घालायची. फक्त मयताच्या दिवशी काठी उगारायची नाही. गावाचा मसणवटा रानाच्या तोंडाशीच, नाल्याकाठी. तिरडी आली की राखणदारानं काठी वाटेवर आडवी टाकायची, हात जोडून बाजूला व्हायचं. खांदेकरी काठी ओलांडून आत जात आणि सरणापुरतं वाळलेलं लाकूड घेत. हिरव्या झाडाला हात नाही. मेलेला कुठल्या गावचा, सूप देत होता की नव्हता, हे विचारायचं नाही. मेलेल्या माणसाला काय विचारणार?

या भलेपणानंच कवडूचा घात केला.

चौसष्ट-पासष्टचा सुमार. नागपुरात नवी घरं उठत होती, आरामशिनी थांबायचं नाव घेत नव्हत्या, आणि चोरट्या लाकडाच्या गाड्या रानोमाळ फिरत होत्या. कवडूनं त्या टेंभरीतून एकदा सोडून दोनदा परतवल्या होत्या. थंडीच्या दिवसांत, भर दुपारी, "राम नाम सत्य है" करत एक तिरडी आली. खांदेकऱ्यांच्या तोंडाला दुपट्टे बांधलेले. बाहेरगावचं मयत असेल, रोगाचं असेल, असं समजून कवडूनं काठी आडवी टाकली आणि हात जोडले. तिरडी खाली टेकली आणि पांढऱ्या कापडाखालचा मुडदा कुऱ्हाड घेऊन उठला. पहिला घाव खांद्यावर बसला. कवडू काठीसाठी वाकला, तर दुसरा मानेत. हे सगळं मोहावर चढून बसलेल्या म्हाताऱ्या गायक्यानं पाहिलं. गायकी म्हणजे गावाची ढोरं चारणारा. त्याची वाचाच बसली. तो गावात येऊन हातवारे करेपर्यंत रानाच्या तोंडाची चांगली झाडं गाड्यांवर चढून गेली होती.

प्रयागबाई धावत पोचली तेव्हा कवडूचं डोकं कातड्याला लोंबत होतं. तिनं ते मांडीवर घेतलं आणि पदर फाडून मानेशी बांधलं, तिरडीवर ठेवताना वेगळं पडू नये म्हणून. ती रडली नाही असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. ती जमिनीवर कपाळ आपटून रडली, कपाळ फुटलं तिचं. मग उठून बसली आणि जमलेल्या गावाला विचारलं, "काठी आडवी होते हे बाहेरच्याले कोनं सांगतलं?"

पुढे मारणारे धरले गेले, खटला चालला, तुरुंगात गेले. तिच्या प्रश्नाकडे मात्र कोणी वळलं नाही, कारण उत्तर गावातच होतं आणि गावाला ते नको होतं.

राखण आली शालिकरामकडे. कवडूचा धाकटा भाऊ, केसाला तेल, तोंडाला साखर. "वहिनी, तुमच्या घरात दाणा कमी पडू देनार नाई," म्हणायचा, आणि सुपांतलं निम्मं धान आणून टाकायचाही. प्रयागबाई ते रांधून खायची. आणि इकडे रानात चांगली चांगली झाडं उभ्याउभ्या वाळायला लागली. आता उभं झाड काही उगाच मरत नाही. बुंध्याची साल गोल सोलून काढली की ते हळूहळू वाळतं, हलकं होतं, आणि नेणारा म्हणायला मोकळा, की वाळलेलं होतं, हिरव्याला कोण शिवलं?

चैतात प्रयागबाई मोहफुलं वेचायला रानात गेली. डुकरांची भीती, म्हणून कवडूची काठी जवळ होती. रानाच्या तोंडाशी एक जुना धावडा होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. कवडू त्याच्याच सावलीत बसायचा आणि त्याच्याच मुळांशी त्याचं रक्त सांडलं होतं. त्या धावड्यापाशी शालिकराम कुऱ्हाड घेऊन वाकला होता. साल सगळीकडून निघत आली होती.

"काय करून राहिला गा शालिक?"

तो दचकला, मग हसला. "वाळलेलाच हाय हा, वहिनी."

"हिरवा पाला दिसून राहिला मले."

"तुमाले काय समजते झाडातलं? जा, मोहफुलं वेचा."

काठी कधी उठली हे प्रयागबाईलाही कळलं नाही. हात मोडला, कुऱ्हाड पडली. दुसरी काठी गुडघ्यावर बसली तेव्हा शालिकराम लोळायला लागला. तिसरी त्याच्या डोक्यावर पडणार, इतक्यात तो पालथा होऊन तिच्या पायाशी सरपटत आला आणि बोलू नये ते बोलून गेला. "वहिनी, मारा म्हणून मी नाई सांगतलं. बांधून टाका म्हणलं होतं. तिरडीचं सांगतलं, मारायचं नाई सांगतलं."

म्हणजे तिला निम्मं धान खाऊ घालणाऱ्यानंच आडव्या काठीचं बाहेर सांगितलं होतं. तिनं काठी दोन्ही हातांनी वर घेतली. त्या घावातून शालिकराम वाचला नसता, हे लिहून ठेवा. पण मागून शालिकरामची बायको कांताबाई, नवऱ्याची शिदोरी घेऊन येणारी, हातातलं टोपलं टाकून धावत आली आणि त्याच्या अंगावर पडली. तिचे दिवस भरत आले होते. प्रयागबाईची काठी तशीच वर राहिली, आणि मग खाली आली, जमिनीवर.

त्यानंतर ती घरी जाऊन चुलीपुढे बसली. तोंड उघडलं तर काय होईल हे तिला लख्ख दिसत होतं. कांताबाईचं माहेर गावातच, अर्धी वस्ती तिच्या भाऊबंदांची. शालिकराम खुनी ठरला की ते त्याच्या मागं उभे राहणार, गावात दोन तट पडणार, अर्धी सुपं बंद. अर्ध्या सुपांवर रान राहत नाही. आणि रान गेलं तर कवडू कशासाठी मेला? बरं, गप्प बसावं, तर त्याला मारणारी जीभ रोज समोरून पान खात जाणार. प्रयागबाईनं रानासाठी जीभ चावली. माफ केलं असं मात्र कोणी समजू नये.

पारावर गाव बसलं. मनोहररावांनी विचारलं, हात का मोडला. ती म्हणाली, "धावड्याची साल काढत होता." एवढंच. शालिकराम मान खाली घालून बसला होता. आता ती पुढचं सांगते की काय म्हणून त्याचे कान लाल झाले होते, पण तिनं सांगितलं नाही.

राखण काढून घेतली. आता कोण? प्रयागबाई म्हणाली, मी.

"बाईमानूस रान कसं राखन?" कोणीतरी बोललं.

"कवडूले मिशा होत्या. काय कामी आल्या?"

काठी तिला मिळाली. तिनं तिथंच सांगितलं, त्या धावड्याला कोणी हात लावायचा नाही, वाळला तरी नाही. पाटील म्हणाले, वाळला तर सरणाला चालतो, रीतच आहे. "चालते," ती म्हणाली. "पन तो ठेवलेला हाय. ज्याचा हाय त्याले भेटन." गावाला वाटलं, स्वतःच्या सरणासाठी ठेवला असेल बिचारीनं. शालिकरामला तसं वाटलं नाही. त्या दिवसापासून तो शेतावर जायचा तर नाल्याच्या चिखलातून लांबचा फेरा घालून, धावडा दिसू नये म्हणून.

प्रयागबाईची राखण वेगळीच. मयत आलं तरी तिनं काठी आडवी टाकणं सोडलं. तिरडी थांबवायची, कापड वर करायचं, तोंड बघायचं, मग लाकूड कुठलं घ्यायचं ते काठीनं दाखवायचं. लोकांचा संताप व्हायचा. मनोहररावांचे वडील गेले तेव्हा तिनं त्यांचंही कापड उचललं. पाटलांनी हात उगारला, तर बाईनं त्यांच्या नडगीवर काठी घातली. पाटलांना बापाला अग्नी द्यायला लंगडत जावं लागलं. त्या साली पाटलांच्या घरचं सूप आलं नाही. पण पुढच्याच उन्हाळ्यात चोरांनी पुन्हा तीच युक्ती केली, तीच तिरडी, तेच राम नाम. प्रयागबाईनं कापड वर केलं तर मुडद्यानं डोळे उघडले. तिनं त्याच्या तोंडावरच काठी उतरवली, इतक्या जोरात, की तिरडीचं खरंच काम पडता पडता राहिलं. खांदेकरी पळाले. तिनं त्याचे पडलेले दात पळसाच्या पानात गुंडाळले आणि पाटलांच्या ओट्यावर नेऊन ठेवले. पाटलांनी त्या हंगामात दोन सुपं घातली, स्वतःच्या हातानं.

शालिकरामही दर साली सूप आणायचा, डाव्या हातानं डोक्यावर धरून. प्रयागबाई ते सूप घ्यायची आणि त्याच्यासमोर धावड्याच्या बुडाशी ओतून द्यायची. मोर टिपायचे. "तुह्या घरचं माह्या पोटात नाई जानार," एवढंच बोलायची. लोक म्हणायचे, चोरी केली होती ना, म्हणून.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. खळ्यावर धान कमी आणि तणस जास्त. एकाही घरातून सूप निघेना. मनोहरराव म्हणाले, "प्रयागबाई, यंदा राखन कशावर करशीन? तुले काय खाऊ घालाव गावानं?"

"धान नाई त मानूस द्या," ती म्हणाली. "घरटी एक. पाळीपाळीनं उभा राहीन संगं."

आणि गावानं दिलं, हे सांगायलाच हवं. उपाशीपोटी माणसं रानात उभी राहिली. ज्यांच्याकडे गडी नव्हता त्यांच्या बाया आल्या. शालिकराम आला, डाव्या हातात दांडकं घेऊन. प्रयागबाईनं त्याला पाहिलं आणि दूरच्या टोकाला उभं केलं.

लाकूडचोरांना वाटलं, गाव मोडलं असेल, हीच वेळ आहे. भल्या सकाळी गाड्यांची रांग आली, संगं गावोगावचे भाडोत्री गडी. कुऱ्हाडी, साखळ्या, गाड्यांच्या उभाऱ्या म्हणजे कडेचे दांडे. पुढं जे झालं त्याला मारामारी म्हणणं म्हणजे पुराला ओहोळ म्हणणं. बौद्धवाड्यातल्या रुखमाबाईनं पदरातलं तिखट एकाच्या डोळ्यांत फेकलं आणि तो आंधळा चाचपडत असताना मुसळानं त्याचा खांदा उतरवला. म्हाताऱ्या गायक्यानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या, बैल उधळले, एका गाडीचं चाक गाडीवानाच्याच पोटरीवरून गेलं. कोणाचा कान तुटला, कोणाच्या बरगड्या गेल्या. प्रयागबाई मध्ये उभी राहून काठी फिरवत होती आणि शिव्या देत होती, त्या शिव्या इथं लिहिता येत नाहीत. चोरांच्या म्होरक्यानं उभारी फेकून मारली ती तिच्या डाव्या डोळ्यावर बसली. डोळा गेला. ती गुडघ्यावर आली. तोच गडी कुऱ्हाड घेऊन धावला, आणि दूरच्या टोकावरून शालिकराम मध्ये येऊन पडला. कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, त्याच्या टाळूवर बसला. प्रयागबाईनं उरलेल्या डोळ्यानं नेम धरला आणि त्या गड्याच्या घोट्याचा चुरा केला. म्होरक्या पडला तसे बाकीचे गाड्या टाकून पळाले.

दोघंही धावड्याखाली रक्तात बसले होते. साल गेलेला धावडा तोवर पार कोरडा झाला होता, पण उभा होता. शालिकरामनं कपाळावरचं रक्त पुसलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, आता त झालं ना?"

"कवडू उठला का?" प्रयागबाईनं विचारलं.

त्यानं आपला जीव दिला असता त्या दिवशी, हे खरं होतं, आणि तिलाही ते कळलं होतं. पण एका वाचवलेल्या जिवानं दुसरा मारलेला जीव फिटतो, असलं गणित तिला मान्य नव्हतं.

वर्षं गेली. गावात पक्की सडक आली, मनोहरराव म्हातारे झाले, रानात बिबट्याची पावलं दिसू लागली. टेंभरीचं सूप चालूच होतं. कित्येकांनी सरणासाठी तो धावडा मागितला, इतकं वाळलेलं लाकूड रानात दुसरं नव्हतं. तिनं कोणाला दिला नाही, पाटलीणबाई गेल्या तेव्हाही नाही.

ऐंशी साल उलटून गेल्यावर एका पावसाळ्याच्या शेवटी शालिकराम तापानं गेला. तिरडी निघाली. बाया नेहमीसारख्या रानाच्या तोंडापर्यंत आल्या, कांताबाईला दोघींनी धरलं होतं. खांदेकरी थांबले, आता ही कापड उचलणार म्हणून. राखण हाती आल्यापासून कोणालाही तिनं सोडलं नव्हतं.

प्रयागबाई वाटेत उभी होती, एका डोळ्याची, पांढऱ्या केसांची. तिनं कापडाला हात लावला नाही. वाकली आणि काठी वाटेवर आडवी टाकली, जशी कवडू टाकायचा. गाव एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलं.

मग तिनं खांदेकऱ्यांच्या संगं आलेल्या एका माणसाच्या हातून कुऱ्हाड घेतली, धावड्याजवळ गेली आणि पहिला घाव घातला. "घ्या," ती म्हणाली. "वल्लं लाकूड नोका शोधू. हा घ्या."

मनोहरराव काठी टेकत पुढं आले. "प्रयागबाई, हा त तू ठेवला होता. ज्याचा हाय त्याले भेटन म्हनली होती."

"मंग?" ती म्हणाली. "ज्याचा हाय त्यालेच देऊन राहिली."

आणि तिरडीकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "घे गा शालिक. याच्यासाठीच होतं ना सारं? घे, सारा घे."

काठी आडवी होते हे बाहेरच्याला कोणी सांगितलं, हा जुना प्रश्न आठवायला म्हाताऱ्यांना वेळ लागला, तरण्यांना शेजारच्यांनी कानात सांगितला. उत्तर तिरडीवर होतं. कांताबाईच्या भावांनी आधी प्रयागबाईकडे पाहिलं, मग तिरडीकडे, आणि मग कोणाकडेच पाहिलं नाही. शेवटी गायक्याच्या पोरानं दुसरी कुऱ्हाड उचलली. धावडा संध्याकाळच्या आत पडला. लाकूड कोरडं होतं, तूप न घालताही धडधडून पेटलं.

गावात तट पडतील अशी जी भीती तिनं अर्धं आयुष्य पोटात ठेवली होती, ती आता समोर उभी राहिली. कांताबाईच्या भावांनी सांगून टाकलं, आमच्या मयताला रानात बदनाम केलं, यंदा आमची सुपं नाहीत. धानाची कापणी झाली, खळी लागली, आणि सगळी वस्ती एकमेकांकडे पाहत थांबली. पहिलं सूप कोण काढतो, का कोणीच नाही.

कांताबाई निघाली. पांढऱ्या कपाळाची, डोक्यावर सूप, भर वस्तीतून, भावांच्या खळ्यावरून. रानाच्या तोंडाशी धावड्याचं खोड होतं तिथं प्रयागबाई बसली होती. कांताबाईनं सूप खाली ठेवलं.

"बाई," ती म्हणाली, "चैतातल्या त्या दिवशी मी टोपलं घेऊन मांगंच उभी होती. त्यानं काय सांगतलं ते मी बी आइकलं होतं."

म्हणजे इतकी वर्षं हे ओझं गावात दोघी वाहत होत्या, एका भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक.

"मंग काहून नाई बोलली वं?"

"तुमी काहून नाई बोलल्या?"

प्रयागबाईनं पदर पसरला आणि सूप त्यात ओतून घेतलं. कांताबाईच्या मागून तिचा थोरला भाऊ येताना दिसला, त्याच्याही हातात सूप होतं.

मोर आले होते, सवयीनं, खोडाभोवती फिरत होते. प्रयागबाईनं त्यांना मूठभर टाकलं. बाकीचं धान घरी नेलं, कांडलं, शिजवलं आणि दोघींनी मिळून खाल्लं.